घरी थांबणाऱ्यांची सहल

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली, की आमच्या सांगवीत एक दृश्य हमखास दिसते. इमारतीखाली गाडी उभी असते. डिकीत बॅगा, चिवड्याचे डबे आणि पाण्याचे कॅन भरले जात असतात. खिडकीजवळ कोणी बसायचे यावरून मुलांची भांडणे चाललेली असतात. आणि वर गॅलरीत एखादी आजी किंवा आजोबा कठडा धरून उभे असतात. गाडी हलली, की ते हात हलवतात. "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे साथ देत नाहीत, मी आपली घरीच बरी," असे त्यांनी आदल्या रात्री सांगितलेले असते आणि आपणही फारसा आग्रह केलेला नसतो.

हे मी दुसऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाही. सात वर्षे माझी आईच आमच्या गॅलरीत अशी उभी राहत होती. दवाखान्यात मी दिवसभर लोकांना "चालत राहा, हिंडत राहा" असे सांगतो आणि स्वतःच्या आईला मात्र शेजारणीच्या हवाली करून आम्ही महाबळेश्वर, गणपतीपुळे करून आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण माझ्यासारख्या डॉक्टरांसाठीच असावी. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही तिला मुंबईला नेले. दोन रात्री, तीन दिवस. त्या तयारीत मला जे नव्याने शिकावे लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

खरे कारण कोणते?

माझ्या आईचे वय ७६. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. हातात काठी असते. घरात ती व्यवस्थित वावरते, बाहेर पन्नास-साठ पावले चालली की बसायला जागा शोधते. तिच्या न येण्याचे कारण गुडघे, असे मी धरून चाललो होतो. मुंबईचा विषय निघाला तेव्हा तिने खरे कारण सांगितले, तेही मला नव्हे, सुनेला. "बाहेर गेले की संडासची सोय कशी असेल सांगता येत नाही. खाली बसले तर उठता येत नाही. मग मी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि संध्याकाळी डोके धरते. त्यापेक्षा घर बरे."

पंचवीस वर्षे व्यवसाय करून हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या वयस्कर बायकांना मुद्दाम विचारू लागलो. बहुतेकींचे उत्तर तेच. प्रवासात पाणी टाळल्याने चक्कर येते, बद्धकोष्ठ वाढते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर कित्येक जण प्रवासाच्या दिवशी ती परस्पर बंद करतात. हृदयाच्या रुग्णाने असे केले, तर पायांवर सूज आणि दम लागणे ओढवू शकते. गोळी बंद न करता तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा बदलता येते.

म्हणून पहिली सूचना. सहलीचा विचार करताना "चालवेल का?" एवढ्यावर थांबू नका. "न थांबता किती चालवते? किती वेळाने बाथरूमला जावे लागते? किती उंचीच्या खुर्चीवरून उठता येते? किती पायऱ्या, आणि कठडा नसेल तर किती?" असे विचारा. आणि हे प्रश्न ज्या व्यक्तीला न्यायचे आहे तिलाच विचारा. मुलगा, सून, डॉक्टर यांनी तिच्या वतीने उत्तरे देऊ नयेत.

घरच्या घरी मोजमाप

एक साधी चाचणी घरी करता येते. हात असलेल्या खुर्चीत बसवा. समोर तीन मीटरवर खडूने रेघ ओढा. उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. काठी वापरत असल्यास ती घेऊनच. याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. याचा अर्थ प्रवास करू नये असा नव्हे, तयारी अधिक हवी एवढाच. ही चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे.

दुसरे मोजमाप वेगाचे. रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरण्याचा प्रघात आहे. पंधरा मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने साडेबारा सेकंद पुरतात. माझी आई सेकंदाला अर्धा मीटर चालते. तिला तीस सेकंद हवेत. हे गणित मांडल्यावर माझ्या लक्षात आले, की आपण तिला "घाई कर गं" म्हणत होतो तेव्हा चूक तिची नव्हती, हिशेबाची होती. रुंद रस्ता ओलांडावाच लागणार नाही अशी वाट निवडणे, हे आमच्या नियोजनाचे एक सूत्रच झाले.

काठीबद्दलही दोन शब्द. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरावी. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध. सरळ उभे राहून हात सैल सोडला, की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचे रबर गुळगुळीत झाले असेल तर प्रवासापूर्वी बदलावे. ते अगदी थोड्या पैशांत मिळते आणि मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन वाचवते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

सराव सांगवीतच

परीक्षेला बसण्यापूर्वी आपण जुने पेपर सोडवतो. तसा सहलीचाही सराव करावा. आम्ही पहिल्या रविवारी फक्त घर ते रिक्षास्टँड एवढेच गेलो. ज्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे स्कूटर नेली, तो त्या दिवशी मला प्रथमच दिसला. फुटपाथ दर दहा पावलांना कोणाच्या तरी फाटकासाठी तोडलेला. मध्येच विजेची पेटी. पुढे तीन दुचाक्या आडव्या. फुटपाथवर चढायला जवळजवळ फूटभर उंची, म्हणून म्हातारी माणसे खाली वाहनांतूनच चालतात.

तिसऱ्या रविवारी पवना ओलांडून दापोडीला रिक्षाने गेलो आणि तेथून मेट्रोने थेट मंडई. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाल्यापासून ही सोय झाली आहे. लिफ्टने वर, लिफ्टने खाली, आणि फलाट व डबा एका पातळीत. शिडीसारख्या पायऱ्या नाहीत की धक्काबुक्कीत चढणे नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारून ठेवावी. लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरवते? चुकीच्या बाजूला बाहेर पडलात, तर सगळी मिळकत रस्ता ओलांडण्यात जाते. त्या दिवशी आईने कित्येक वर्षांनी स्वतः निवडून मंडईतली भाजी घेतली आणि घासाघीसही केली. परत आल्यावर ती म्हणाली, "मुंबईचे बघू या मग."

बसने जाणाऱ्यांनीही सराव करावा. सांगवी फाटा ते किवळे हा बीआरटी मार्ग २०१५ साली सुरू झाला. थांब्याची फरशी आणि बसची फरशी एका उंचीवर ठेवण्यामागची कल्पना उत्तम आहे. बस थांब्याला चिकटून उभी राहिली, तर काठीवाला माणूसही सहज आत जातो. हातभर अंतर ठेवून उभी राहिली, तर धडधाकट माणसालाही उडी मारावी लागते. कोट्यवधींच्या सोयीचा उपयोग शेवटी त्या हातभर अंतरावर अवलंबून असतो.

गाव कसे निवडावे?

"पायी फिरण्याजोगे शहर" म्हटले, की आपल्याला दिवसभर पायपीट आठवते. आईसारख्यांसाठी त्याचा अर्थ वेगळा. थोड्या थोड्या अंतरावर पाहण्यासारखे काही, मध्ये बसायला जागा, सपाट वाट आणि दोन टप्प्यांमध्ये टॅक्सी. पाचशे मीटरच्या सरळ रस्त्यापेक्षा शंभर-शंभर मीटरचे पाच तुकडे केव्हाही बरे.

तिला समुद्र पाहायचा होता, म्हणून मुंबई. पुण्यातूनच सुटणारी डेक्कन क्वीनसारखी गाडी निवडली. सुटण्याआधी ती फलाटावर उभी असते, त्यामुळे चढायला घाई होत नाही. उतरायचे ठिकाणही विचार करून ठरवले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे रूळ संपतात. सगळे फलाट पुढच्या टोकाला एकत्र येतात, त्यामुळे लांबच्या गाड्यांच्या प्रवाशाला पूल न चढता बाहेर पडता येते. दादरला उतरलो असतो तर अंतर वाचले असते, पण जिन्याशी गाठ पडली असती. नकाशावर जवळचे ते पायांना जवळचे असेलच असे नाही.

पाहण्याची ठिकाणेही त्याच नजरेने निवडली. टाऊन हॉलची इमारत १८३३ सालची, देखणी, पण समोर तीस पायऱ्या. ती टॅक्सीतून पाहिली. घारापुरीची लेणी म्हणजे होडीत चढ-उतार आणि वर शंभराहून अधिक पायऱ्या. ती यादीतून काढली. त्याऐवजी ओव्हल मैदानापाशी गेलो. एका बाजूला विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातील आर्ट डेको घरांची ओळ. २०१८ साली युनेस्कोने हा सगळा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदवला. दोन्ही पाहायला मैदान पालथे घालावे लागत नाही, एका जागी बसून फक्त मान वळवावी लागते.

लॉजवाल्याला काय विचारावे?

येथे आमची फजिती झाली. "तळमजल्याची खोली आहे का?" असे मी फोनवर विचारले होते. "आहे," असे उत्तर मिळाले. गेलो तो दारातच चार पायऱ्या, कठडा नाही. खोटे कोणी बोलले नव्हते. माझा प्रश्नच कच्चा होता. दोघांनी धरून आईला वर नेले. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा उतरलेला होता.

तेव्हा आकड्यांत विचारा. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या आहेत का? बाथरूमच्या दाराची रुंदी किती इंच? साधी चाकाची खुर्ची साधारण पंचवीस इंच रुंद असते, दोन फुटी दारातून ती जात नाही. कमोड आहे का, शेजारी धरायला दांडी आहे का, उंबरा किती उंच? पलंगाची उंची गुडघ्याइतकी हवी. फार खाली असेल तर उठताना त्रास होतो. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. दाराचा आणि बाथरूमचा फोटो मागवून घ्यावा. बाथरूमसाठी घरून रबरी चटई न्यावी आणि रात्री दिवा चालू ठेवावा. अनोळखी खोलीत पहिल्याच रात्री पडल्याचे किती तरी रुग्ण मी पाहिले आहेत.

खुर्चीची लाज

चाकाची खुर्ची भाड्याने घेतली, तेव्हा आई रागावली. "अरे, मला खुर्चीत बसवून गावभर मिरवणार का?" तिच्या मनात खुर्ची म्हणजे पाय गेले, असा अर्थ. मी म्हणालो, "तू चालायचे तेव्हा चाल. दमलीस की बस. खुर्ची म्हणजे बरोबर आणलेला बाक समज." बाक हा शब्द तिला पटला.

खरे तर आमच्या भागाला या खुर्चीची ओळख नवी नाही. नदीपलीकडे खडकीला पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा माणूस. खुर्चीने माणूस लहान होत नाही, हे आपल्याच माणसांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

खुर्ची ढकलणाऱ्याने मात्र शिकून घ्यावे. बसताना-उठताना दोन्ही ब्रेक लावलेले हवेत. उठण्यापूर्वी पाय ठेवायच्या पट्ट्या वर कराव्यात, त्यांवर उभे राहिल्यास खुर्ची उलटते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी धरून, स्वतः खालच्या बाजूला राहून, हळूहळू उतरवावी. आणि विचारल्याशिवाय ढकलू नये. खुर्चीत माणूस बसलेला आहे, सामान नव्हे.

औषधे आणि धोक्याच्या खुणा

गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक संच हातातल्या पिशवीत, एक बॅगेत. औषधांची चिठ्ठी बरोबर असावी. पाय दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांना अशा बऱ्याच गोळ्या बाधतात. आपल्याला चालणारी गोळी निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी. गाडीत बसल्या बसल्या पावले वरखाली हलवत राहावे, तासाभराने शक्य तर उठावे. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहावेत आणि नव्या चपला सहलीत काढू नयेत. छातीत दडपण, एकाएकी दम लागणे किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे, यांपैकी काही झाले तर सहल बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे.

मग काय झाले?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हला गेलो. साडेतीन किलोमीटरचा हा समुद्रकाठ, वाट रुंद आणि सपाट, आणि एका अंगाला सलग कट्टा. जिथे दमाल तिथे बसा. समुद्राच्या बाजूलाच टॅक्सीतून उतरलो, म्हणजे रस्ता ओलांडणे नको. आई वीस-पंचवीस पावले चालायची, बसायची, पुन्हा उठायची. खुर्ची रिकामीच मागे येत होती, नात तिच्यात बसून घेत होती. दीड तासात आम्ही फार तर तीनशे मीटर गेलो असू. सूर्य बुडाल्यावर आई म्हणाली, "उद्या परत इथेच येऊ. ते म्युझियम राहू दे."

मी आठवडाभर खपून संग्रहालयाची चौकशी केली होती. उतार कुठे, लिफ्ट कुठे, खुर्ची मिळते का, सगळे फोनवर विचारून ठेवले होते. जरा वाईट वाटले. पण बायको म्हणाली, "सहल आईंची आहे ना?" मग तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच कट्टा, तोच समुद्र. आणि तीनही दिवस आई पोटभर पाणी प्यायली. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर आधी बाथरूम कुठे ते पाहायचे आणि मग बाकीचे, एवढा एक नियम आम्ही पाळला होता.

गुडघे सुधारले का, असे कोणी विचारेल. झीज काही भरून येत नाही. पण ज्या सरावासाठी ती रविवारी बाहेर पडू लागली, तो आजही चालू आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूला ताकद असेल, तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो. घरात बसून हेच स्नायू रोडावतात, मग चालणे आणखी कमी होते, मग स्नायू आणखी रोडावतात. हे चक्र तोडायला माणसाला बाहेर पडावेसे वाटेल असे काहीतरी समोर लागते. "चालत राहा" या माझ्या उपदेशाने सात वर्षांत जे झाले नाही, ते समुद्राच्या ओढीने दोन महिन्यांत झाले.

एक गोष्ट सार्वजनिक हिताची. फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरहून अधिक नसावी, चालायला १.८ मीटर मोकळी वाट असावी, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली लिहून ठेवले आहे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बारास एक असावा, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी हवी. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून न ठेवता त्यांतले किमान नियम सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारला बजावले. तेव्हा नियमांना तोटा नाही. पण फुटपाथवर दुचाकी लावणारे तुम्ही-आम्हीच असतो. सोसायटीच्या दारात चकचकीत फरशी घालून उतार विसरणारेही आपणच. म्हातारपण सर्वांनाच येणार आहे. आज मोकळी ठेवलेली वाट उद्या आपल्याच पायांना उपयोगी पडणार आहे.

पुढच्या सुटीला अजून वेळ आहे. आज रात्री जेवताना घरातल्या आजी-आजोबांना "तुम्ही येणार का?" असे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले असते. "तुम्हाला कुठे जायचे आहे?" असे विचारा. आणि पुढच्या रविवारी त्यांच्या बरोबर, त्यांच्या चालीने, घरापासून रिक्षास्टँडपर्यंत जाऊन या.